न्यायला आलो होतो

चंदरला फ्रेंच येत होती. हे किन्हवलीच्या बाजारात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी आधी चंदरकडे पाहिलं असतं आणि मग सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. दहावीला इंग्रजीत दोनदा गचकलेला, भातसा धरणावर दर तासाला पाण्याची पातळी वाचून वहीत टिपणारा माणूस तो. तालुक्याच्या साहेबापुढे मराठी बोलताना त्याची त-त-प-प व्हायची, तिथे फ्रेंचची काय कथा! पण येत होती. ना गुरू, ना शाळा. चौदा वर्षं तो एकट्याने शिकला आणि तेही एक वाक्य बोलता यावं एवढ्यासाठी.

त्या वाक्याची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागतं. ती सांगताना मला चंदरचा रागही येतो आणि पोटात तुटतंही.

एकोणनव्वदच्या आषाढात त्याची बायको रखमी बाळंत झाली. मुलगी झाली, आणि आठव्या दिवशी तापाने रखमी गेली. बारसं व्हायचं ते राहूनच गेलं. घरात म्हातारी आई धोंडीबाई, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. बहीण बाईजा मुरबाडकडे धसईला दिलेली, तिच्या पदरात तिचीच दोन. भाताची आवणी, म्हणजे लावणी, तोंडावर आलेली. पोरीला वरचं दूध पचेना, रडून रडून तिचा आवाज बसला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी कल्याणच्या एका संस्थेचा पत्ता दिला. चंदरने पोरीला रखमीच्या लुगड्यात गुंडाळलं आणि घेऊन गेला.

संस्थेतल्या ताराबाई माणूस म्हणून चांगल्या होत्या. त्यांनी त्याला समोर बसवून सगळं नीट समजावलं. म्हणाल्या, "दोन महिन्यांत मन बदललं तर या आणि मुलीला घेऊन जा. दोन महिने उलटले की मग ती दुसऱ्यांची." चंदरने मान हलवली आणि सही केली.

आता ताराबाई काय बोलल्या आणि चंदरने काय ऐकलं, यात जमीनअस्मानाचा फरक होता. त्याच्या गावात पोर सांभाळाला ठेवायची रीत होती. आवणीला बाई दिवसभर चिखलात, मग अंगावरचं पोर मावशीकडे नाहीतर आत्याकडे जायचं ते सुगी झाल्यावर परत यायचं. आणायला जायचं तेही रिकाम्या हाताने नाही. नव्या भाताचे पायलीभर तांदूळ आणि सांभाळणारीला खण. हे नेल्याशिवाय पोर मागणं म्हणजे सांभाळणारीचा अपमान, असं धोंडीबाईने त्याला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून ताराबाईंचे दोन महिने त्याने असे ऐकले की, निदान दोन महिने तरी पोरीची काळजी नको.

भाद्रपदात बाईजा माहेरी आली तेव्हा म्हणालीसुद्धा, "दादा, आता पोर आण रे. माजी धाकटी चालाया लागली. मी ठेवीन तिला."

"आणतो गो. भात तं कापूदे. मोकल्या हातानं जाऊ काय? ती बाय काय म्हणल?"

बाईजालाही ते पटलं. रीतच तशी होती.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. चंदर नव्या तांदळाची पिशवी आणि हिरवा खण घेऊन कल्याणला गेला. वाटेत पोरीचं नाव काय ठेवायचं याचा विचार करत गेला. ताराबाई रजेवर होत्या. कचेरीतल्या कारकुनाने पिशवी बघितली, खूश झाला आणि 'देणगी, तांदूळ, एक पायली' अशी पावती फाडून चंदरच्या हातात दिली. चंदर ती पावती घेऊन बाकावर बसून राहिला. त्याला वाटलं, आता आतून पोर आणतील. दोन तासांनी कारकुनाने विचारलं, "अजून काही काम होतं का?"

काम काय होतं ते कळल्यावर संस्थेच्या मोठ्या बाईंनी फाईल काढली. मुदत संपून दोन महिने होत आले होते. कागद कोर्टात गेले होते. मुलगी फ्रान्समधल्या एका जोडप्याला दिली जाणार होती. संस्थेच्या दृष्टीने सगळं कायद्याने झालं होतं, आणि झालंही होतं. चंदर रडला, पाया पडला. शेवटी गुरख्याने त्याला हाताला धरून फाटकापर्यंत आणून सोडलं. तांदूळ तेवढे आतच राहिले.

कारकुनाने त्याची देणगी नोंदवली. तो पोर न्यायला आला होता, हे मात्र कुठेच नोंदवलं गेलं नाही.

पुढची पाच वर्षं सुगी झाली की चंदर कल्याणला जायचा. काही मागायचा नाही. "बरी हाय ना?" एवढंच विचारायचा. ताराबाईंच्या जिवाला ते लागलं असावं. निवृत्त होण्याच्या आठवड्यात त्यांनी नियमाला बगल देऊन एक फोटो त्याच्या हाती ठेवला. लाल स्वेटरमधली पाच वर्षांची पोर, रखमीचीच जिवणी. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत, तिकडच्या आईच्या बारीक अक्षरात, फ्रेंचमध्ये अकरा ओळी होत्या.

"काय लिवलंय?"

"मजेत आहे म्हणून लिहिलंय," ताराबाई म्हणाल्या.

चंदर फोटो घेऊन परतला. तोवर त्याला धरणावर नोकरी लागली होती. आठवडाभर भातसानगरच्या वसाहतीत राहायचं आणि रविवारी घरी जायचं. तासाला एकदा पट्टीवरचा आकडा वाचायचा, उरलेला वेळ पाण्याकडे बघत बसायचं. तो बघायचा त्या अकरा ओळींकडे. 'मजेत आहे' हे सांगायला अकरा ओळी कशाला लागतात? हे कोडं काही त्याला झोपू देईना. मग एका सुट्टीच्या दिवशी तो मुंबईला गेला आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून मराठीतून फ्रेंच शिकवणारी एक पातळ पुस्तिका घेऊन आला.

ती पुस्तिका कुणा हौशी प्रवाशासाठी लिहिलेली होती. सूप थंड आहे. माझी पेटी सापडत नाही. समुद्राकडे खिडकी असलेली खोली मिळेल का? चंदरने सगळं पाठ केलं. पोरीला काय विचारावं, तिच्याशी काय बोलावं, यातलं एक अक्षर त्या पुस्तिकेत नव्हतं. पण थेंबे थेंबे तळे साचे, हे धरणावरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पुढे त्याने फ्रेंच-इंग्रजी कोश आणला, मग इंग्रजी-मराठी कोश आणला. एका शब्दासाठी दोन कोश उघडायचे. पाण्याच्या नोंदवहीत आकडे लिहायचे आणि दुसऱ्या वहीत क्रियापदं चालवायची.

व्याकरणाने त्याला रडवलं तसं हसवलंही. तिथे टेबलालाही लिंग होतं आणि खुर्चीलाही, आपल्यासारखंच. फक्त चंद्र तिथे बाई होता. घरच्यांना एक संबोधन आणि परक्यांना दुसरं, 'तू' आणि 'तुम्ही', हेही आपल्यासारखंच निघालं तेव्हा त्याला त्या मुलखाबद्दल जरा बरं वाटलं. पोर तिथे अगदीच परक्यात पडलेली नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

उच्चारांचं काम अवघड. लिहायची अक्षरं सात आणि बोलायची तीन. उरलेली चार कशाला पोसली आहेत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्याने कॅसेट मिळवल्या, टेप मिळवला आणि एकेक वाक्य शंभरदा मागे नेऊन ऐकलं. अर्धे स्वर नाकातून काढायचे आणि 'र' घशात, चूळ खळखळवल्यासारखा. धरणाच्या भिंतीवर उभा राहून तो मोठमोठ्याने सराव करायचा. सोबतचा सुनिल हसून बेजार व्हायचा.

"चंदर, नाकात भात आडाकला काय रे?"

"तुजं काय जातं? पाणी मोज तू."

आठ महिन्यांनी त्या अकरा ओळी वाचून झाल्या. सकाळची पाळी होती. चंदर पायरीवर बसून एकेक शब्द मराठीत उतरवत गेला. एलोदी पाच वर्षांची झाली. तिला मांजरं आवडतात, दुधावरची साय आवडत नाही. पाऊस आला की ती खिडकीशी जाऊन उभी राहते आणि हाक मारली तरी हलत नाही. चंदर हे वाचून मोठ्याने हसला. साय रखमीलाही आवडत नव्हती! त्याने सुनिलला हाक मारून ते सांगितलं. सुनिलला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण तोही हसला.

शेवटची ओळ मात्र राहिली होती. तिच्यात एक लांब शब्द होता. चंदरने कोश उघडला, मग दुसरा कोश उघडला. ओळ अशी होती: एलोदीला आम्ही सांगितलं आहे की तिला तिच्या माणसांनी टाकून दिलं, पण आम्ही तिला कधीच टाकणार नाही.

त्या दिवशी दहा आणि अकराच्या आकड्यांच्या जागा वहीत कोऱ्या राहिल्या. चंदरच्या नोकरीतली तेवढीच चूक.

माझी पोर तिकडे स्वतःला टाकलेली समजते, हे त्याला सहन होईना. संस्थेत पत्र घेऊन गेला तर नवीन बाई म्हणाल्या, "नियम आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तिने स्वतः चौकशी केली तरच." मग त्याने एक वाक्य तयार करायला घेतलं. झेते व्हनू त शेर्शे. मी तुला न्यायला आलो होतो. त्याच्यापुढे दुसरं, मला उशीर झाला. दुसरं नाही जमलं तरी चालेल, पहिलं जमलंच पाहिजे. आणि मध्ये दुभाषा नको. बापाने पोरीला हे सांगायचं ते पोरीच्या बोलीत. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर ती म्हणेल, आता सारवासारव करतोय. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं. त्याने केलं नाही. धोंडीबाई गेली. टेप बिघडला, दुसरा आणला. कानाला इतकी सवय झाली की कॅसेटमधली दोन माणसं भरभर भांडली तरी चंदरला कोणाचं चुकतंय ते कळायचं.

दोन हजार आठच्या डिसेंबरात संस्थेतून फोन आला. मुलगी येतेय. सोबत तिची आई.

चंदरने घर सारवून घेतलं. बाईजाला धसईहून बोलावलं. नवीन सदरा घातला. बाईजा त्याच्याकडे बघून म्हणाली, "सकालधरनं पुटपुटतस, दादा. काय मंतर म्हणतस काय?"

"बाईजा, आज सांगून टाकतो गो तिला. तिच्या भाशेत."

"सांग बाबा. एकदाचा मोकला हो."

अकराच्या सुमाराला पांढरी गाडी दारात थांबली. आधी उतरली ती संस्थेची प्रियांका, इंग्रजी शाळेत शिकलेली तरणी मुलगी. ती पोरीशी इंग्रजीत बोलणार आणि चंदरशी मराठीत, असं ठरलेलं. मग एक साठीची गोरी बाई उतरली, काठीचा आधार घेत. आणि मग एलोदी. चंदरने तिला बघितलं आणि खांबाला हात टेकला. जीन्समध्ये, आखूड केसांची, पण रखमीच उभी होती अंगणात.

तो लगेच बोलला का नाही, असं कुणीही विचारील. पण आल्या पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, चहा पोटात गेल्याशिवाय सुखदुःखाचं बोलायचं नाही, हे त्या गावात पोरंसोरंही पाळतात. चंदरने नुसते हात जोडले. बाईजाने तांब्याभांडं आणलं. पाहुण्या पडवीतल्या खुर्च्यांवर बसल्या, चंदर समोर खाली बसला. प्रियांका बाईजाला मदत करायला म्हणून चुलीपाशी गेली. चहा उकळत होता, आणि ते वाक्य चंदरच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

त्या दोघी आपसात बोलायला लागल्या. इथे कुणाला कळतंय, म्हणून मोकळेपणी, त्यांच्या बोलीत.

"ममां, तुला काय होतंय?" एलोदीने विचारलं.

चंदरला ते कळलं. कॅसेटशिवाय ऐकलेलं त्याचं पहिलं फ्रेंच वाक्य, आणि तेही पोरीच्या तोंडचं! आनंदाने त्याच्या अंगावर काटा आला. तो आता बोलणारच होता. चहाचं काय एवढं, असंही त्याच्या मनात आलं. तेवढ्यात ती बाई बोलली.

"भीती वाटते गं. तो जर म्हणाला की त्याला तू हवी होतीस, तर?"

एलोदीने बाईचा हात आपल्या मांडीवर घेतला. "मी टाकलेली आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते आता दुखत नाही, ममां. तुम्ही मला उचललं, एवढंच मला आठवतं. पण त्याला मी हवी होते असं निघालं, तर मग बाबा आणि तू कोण? चोर? बाबा तर आता सांगायलाही नाहीत. मला ते नाही झेपणार. मी तुझ्याबरोबर घरी कोणत्या तोंडाने येऊ?"

चोर हा शब्द चंदरला त्या जुन्या पुस्तिकेतल्या पोलीस चौकीच्या धड्यामुळे येत होता. बाकीचे तर सोपेच होते. इतकी वर्षं घासून पुसून कान तयार केले होते, ते आता बंद कसे करायचे? एखादा शब्द तरी निसटावा, असं त्याला वाटलं. एकही निसटला नाही. ती म्हातारी बाई पदर नसलेल्या बाया रडतात तशी, हाताच्या पंजाने डोळे झाकून रडत होती. चंदरला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. पोरीला मांजरं आवडतात हे त्याला तिनेच कळवलं होतं.

चहा आला. सगळ्यांनी घेतला. प्रियांकाने वही उघडली.

"काका, तिला दोनच गोष्टी विचारायच्यात. तुम्ही तिला तुमच्या मर्जीने दिलंत का? आणि नंतर कधी परत न्यायला आला होतात का? फायलीत काही लिहिलेलं नाही म्हणून ती विचारतेय."

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. बाईजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत आत्ताच पाणी होतं.

"मर्जीनं दिली," चंदर म्हणाला. "सही माजीच हाय."

"आणि परत न्यायला?"

"नाय."

"दादा!" बाईजा पुढे आली. "अरं काय बोलतस? तू तं..."

"बाईजा, कपबश्या उचल."

"आरं पन..."

"उचल म्हणतो ना गो!" जन्मात तो बहिणीवर असा ओरडला नव्हता. बाईजा दचकून कपबश्या उचलायला लागली. प्रियांकाने एकदा तिच्याकडे आणि एकदा चंदरकडे पाहिलं, पण जे सांगितलं तेच तिने इंग्रजीत सांगितलं. एलोदीने ऐकलं. तिचे खांदे सैल पडले. बाईच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, "ऐकलंस? मी तुझीच आहे." हे प्रियांकाने मराठीत सांगितलं नाही. तिला ते कळलंच नव्हतं. कळलं होतं ते फक्त चंदरला.

निघताना एलोदी त्याच्यापाशी आली. प्रियांकामार्फत म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

चंदरचे ओठ हलले. तयार वाक्य घशापर्यंत आलं, त्यातला तो खळखळणारा 'र'सुद्धा आला. त्याने ते परत गिळलं.

"सांग तिला, आयला सांभाल म्हनावं. काठी घसरते हितं, उतार हाय."

प्रियांकाने ते इंग्रजीत सांगितलं. एलोदी हसली आणि बाईला धरून गाडीकडे घेऊन गेली.

धूळ खाली बसेपर्यंत चंदर अंगणात उभा राहिला. मग पायरीवर बसला आणि नव्या सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून रडला. बाईजाने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने ती त्याच्या शेजारी येऊन बसली. रागाने तिचा आवाज फुटत होता.

"चवदा वर्सं शिकलास. लोक हसले तरी शिकलास. आन् आज पोर दारात आली तं एक शबूद नाय बोललास. काय उपेग झाला रे त्या शिकन्याचा?"

"झाला ना गो," चंदर म्हणाला. "शिकलो नसतो तं बोललो असतो."